फुकटची कलेजी नको, भाकरी राहू द्या

भाऊ, तुमचं लॅब्राडॉर आठ महिन्यांचं, वजन २२ किलो. कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, म्हणून भाकरी बंद करून त्याला निव्वळ कच्च्या मांसावर ठेवू का, असं विचारलंत. खाटीक कलेजी-फुप्फुस फुकट देतो, हेही लिहिलंत. माझं उत्तर त्या फुकटच्या मालापासूनच सुरू होतं.

खाटकाजवळ जरा उभं राहून पाहा. बोकडाची कलेजी कापताना कधी कधी बोराएवढा पांढरट, पाण्यानं भरलेला फोड निघतो. गिऱ्हाईक नाक मुरडते, खाटीक तेवढा तुकडा छाटून दुकानासमोरच्या कुत्र्यांपुढं फेकतो. तो हायडॅटिडचा, म्हणजे पट्टकृमीच्या पिलावळीचा फोड असू शकतो. कुत्र्यानं कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, इतके बारीक की शेणात... म्हणजे विष्ठेत डोळ्याला दिसत नाहीत. त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात, तिथून लेकरांच्या हाताला, हातातून तोंडात. मग तसाच फोड माणसाच्या यकृतात नाहीतर फुप्फुसात वाढतो, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. त्यामुळं आतले अवयव चांगले उकळूनच, आणि आठवड्यातून एक-दोनदा थोडेसेच. जंताचं औषध देताना त्यात पट्टकृमी मारणारं प्राझिक्वांटेल आहे ना, हे गुरांच्या डॉक्टरला विचारा.

आता माझा मूर्खपणा सांगतो. वावरात राखणीला आणलेल्या एका पिलाला मी दोन महिने नुसता खिमा घातला. अंगानं गरगरीत झालं, पण पुढचे पंजे फाकले, पाय वाकले, उठताना कुईकुई करे. डॉक्टरनं एवढंच विचारलं, "हाडं देता का?" मी देत नव्हतो. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला; शरीर मग ते स्वतःच्या हाडांतून काढते. पिलू सावरलं, पण एक पाय वाकडाच राहिला.

तेव्हापासून कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर भाजून, मिक्सरमधून पार पीठ करतो. बिनहाडाच्या किलोभर मांसाला चहाचा एक चमचा. तुमचं वाढीचं जनावर आहे, त्याचं माप डॉक्टरकडून ठरवून घ्या, कारण मोठ्या जातीच्या पिलाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. शिजवलेलं हाड मात्र कधीच नको, ते सुईसारखं फुटते. सावजी रश्श्यातलं तर अजिबात नाही, त्यात कांदा-लसूणही असतो आणि तो कुत्र्याचं रक्त कमी करतो.

लांडग्याचं म्हणाल, तर २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या ताटातलं पचवायला तो शिकलाय. ज्वारीच्या भाकरीनं त्याचं काही बिघडत नाही.

एवढं सांगूनही कच्चंच द्यायचं असेल, तर त्याच दिवशी कापलेलं आणा, ताट पंधरा मिनिटांत उचला, भांडं वेगळं ठेवा. फ्रीजच्या भरवशावर राहू नका; गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हाच लाइन जाते. घरात रांगतं लेकरू असेल तर कच्चं नकोच.

आमच्याकडं आता उकडलेलं चिकन, त्याच पाण्यात कुस्करलेली भाकरी आणि थोडा भोपळा. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि दिवस बुडाल्यावर. भरदुपारी ताट ठेवलं तर कुत्र्याआधी माश्याच जेवतात.