हवामान संशोधनाची सरकारी ग्रँट जाते कुठे, आणि सोसायटीच्या गच्चीला मिळते का?

प्रश्न: हवामान अंदाज सुधारायच्या केंद्राच्या मिशन मौसम योजनेला सरकारने २००० कोटी दिले, मग मुंबईत रेड अलर्टच्या दिवशी ऊन का पडतं? हे पैसे जातात कुठे? आणि अंधेरीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाऊस मोजायचं यंत्र बसवायचंय, त्याला अशी ग्रँट मिळेल का?

उत्तर:

आधीच सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. मुंबईतल्या एका संस्थेत बरीच वर्षं प्रोजेक्टचे अकाउंट्स बघायचे, त्यात हवामानाचे प्रोजेक्टही असायचे, त्यामुळे मला ढग कमी आणि यूसी (युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे ग्रँट कशावर खर्च झाली त्याचा दाखला) जास्त कळतात. पण तुमचा प्रश्न पैशाचाच आहे म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ते २००० कोटी. मिशन मौसम सप्टेंबर २०२४ मध्ये कॅबिनेटने मंजूर केलं, दोन वर्षांसाठी आणि अख्ख्या देशासाठी, त्यात रडार, सॅटेलाइटवरची उपकरणं, कॉम्प्युटर सगळं आलं. आपल्या बीएमसीचं २०२५-२६ चं एका वर्षाचं बजेट ७४,४२७ कोटी होतं, एका शहराचं. त्यामुळे आकडा ऐकून डोळे पांढरे करायची गरज नाही. दुसरं, यातला मोठा भाग 'ग्रँट' म्हणून कोणा प्रोफेसरला मिळत नाही, तो पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या स्वतःच्या संस्थांकडे जातो, म्हणजे आयएमडी (आपलं हवामान खातं), पुण्याची हवामान संशोधन संस्था आयआयटीएम, नोएडाचं अंदाजाची मॉडेल चालवणारं केंद्र एनसीएमआरडब्ल्यूएफ. आणि तिथे तो जातो मुख्यतः लोखंडात आणि विजेत. पुण्याचा 'अर्का' आणि नोएडाचा 'अरुणिका' हे दोन सुपरकॉम्प्युटरच ८५० कोटींचे.

फुकट गेले का? नाही. आधी कॉम्प्युटरवरचं जागतिक हवामान मॉडेल १२ किमीच्या चौकोनात अंदाज द्यायचं, मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किमीवर आलीय. वादळांचं तर उघड दिसतं. १९९९ च्या ओडिशाच्या वादळात जवळपास १०,००० माणसं गेली, २०१३ ला तिथेच फायलिन आलं तेव्हा आकडा पन्नासच्या आत राहिला, कारण अंदाज वेळेत आला आणि लोकांना हलवलं. एनसीएईआर या दिल्लीच्या आर्थिक संशोधन संस्थेने २०२० मध्ये हिशोब काढला होता की मान्सून मिशन (मंत्रालयाची आधीची अशीच योजना) आणि तेव्हाच्या सुपरकॉम्प्युटरवर घातलेल्या एका रुपयामागे ५० रुपये परत येतात. तो शेतकरी, मच्छीमार यांच्या सर्व्हेवरून काढलाय, ५० वर मी डोळे झाकून सही करणार नाही, पण ५ असले तरी सौदा वाईट नाहीच.

आता मुंबई. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. मध्ये अंतर किती, साधारण वीस-बावीस किमी. समोर समुद्र, मागे घाट, मधे कुठेतरी ढग उभा राहतो आणि एकाच पट्ट्यात रिकामा होतो, हे आदल्या दिवशी नेमकं सांगणं जगात कुठेच सोपं नाही. रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त पाऊस होऊ शकतो असा इशारा, तोही जिल्ह्याला, तुमच्या गल्लीला नाही. तुमच्याकडे ऊन आणि मुलुंडला गुडघाभर पाणी, दोन्ही एकाच अलर्टमध्ये बसतं. शाळांना सुट्टी देऊन ऊन पडलं की व्हॉट्सअॅपवर जोक फिरतात, पण सुट्टी न देता पाऊस पडला तर काय होतं ते आपण बघितलंय.

मग पैशाचा खरा घोळ कुठे आहे? माझ्या मते छोट्या ग्रँटमध्ये, म्हणजे ज्या बाहेरच्या कॉलेज-युनिव्हर्सिटींना मिळतात. मंत्रालयाकडून नाहीतर एएनआरएफकडून (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, आधीचं एसईआरबी). मुदत बहुतेक तीन वर्षं. पीआय, म्हणजे प्रोजेक्टचा प्रमुख, प्रपोजल लिहितो, कमिटीपुढे प्रेझेंटेशन होतं, सँक्शन लेटर येतं, हप्ता येतो, मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी, कोटेशन, टेंडर, यात पहिलं वर्ष कधी संपतं कळत नाही. तोवर मार्च आला. मार्चमध्ये आमच्या टेबलावर जो गोंधळ असायचा तो विचारू नका, कारण जीएफआर १२-ए या सरकारी फॉर्ममधलं यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि पैसे खर्च झाले नसले तर ते का झाले नाहीत याचं उत्तर द्या. पाऊस मात्र जूनमध्ये येणार, तो काही फायनान्शियल इयर बघून येत नाही.

त्यात प्रत्येक पैशाचं हेड, म्हणजे तो कशावर खर्च करायचा ते खातं, ठरलेलं. यंत्र घ्यायला पैसे मिळतात, सहज मिळतात म्हणा ना, फोटो पण छान येतो. पण यंत्राच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, चौथ्या वर्षी काय? प्रोजेक्ट संपला, हेड बंद. पावसाचं ऑटोमॅटिक यंत्र म्हणजे आत एक छोटी बादली असते, ठरावीक थेंब साठले की कलंडते आणि एक टिक नोंदवते. वरच्या फनेलमध्ये पानं आणि आपल्या लाडक्या कबुतरांची घाण अडकली की धो धो पाऊस असताना शून्य दाखवतं आणि पाऊस थांबल्यावर ठिबकत ठिबकत तासाभराने नोंद करतं. हे साफ करायला महिन्यातून एकदा शिडी लावून चढणारा माणूस लागतो. त्याचा पगार कुठल्याच प्रपोजलमध्ये नसतो, मी तरी बघितला नाही. आमच्याकडचं एक यंत्र प्रोजेक्ट संपल्यावर असंच पडून राहिलं, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र ते अजून जिवंत असेल.

आणि माणसं. जेआरएफला (प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोला) २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर एचआरए. एमएस्सी झालेली, पायथन येणारी मुलगी त्यात मुंबईत भाड्याने राहून किती टिकणार, दुसऱ्या वर्षी ती बीकेसीमधल्या कुठल्यातरी इन्शुरन्स कंपनीत जाते आणि मॉडेल अर्धवट. तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. नवीन माणूस घ्यायचा तर पुन्हा जाहिरात, पुन्हा इंटरव्ह्यू, तोवर पाऊस गेला.

म्हणून कोणी अजून हजार कोटींची घोषणा केली की मी फक्त हे शोधते की मेंटेनन्स आणि मनुष्यबळ यांना किती ठेवलेत.

आता तुमची गच्ची. सरळ उत्तर, नाही मिळणार. या ग्रँट संशोधन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना मिळतात, सोसायटीला किंवा एकट्या माणसाला नाही. जवळच्या कॉलेजमध्ये फिजिक्स किंवा भूगोलाचे कोणी सर-मॅडम उत्साही असतील तर त्यांच्या प्रोजेक्टमध्ये तुमची गच्ची एक जागा म्हणून जाऊ शकते, तेवढा रस्ता आहे. आणि फक्त पाऊस किती पडला बघायचा असेल तर बीएमसीची स्वतःची यंत्रं वॉर्ड ऑफिस, फायर स्टेशन अशा ठिकाणी आहेत, त्यांचे आकडे आपत्कालीन विभागाच्या साइटवर दिसतात, अंधेरीचेही दिसतील.

तरी बसवायचंच असेल तर सोसायटीच्या फंडातून बसवा. पाण्याच्या टाकीला चिकटून नको, टाकी जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा, नाहीतर वाऱ्याने अर्धा पाऊस अडतो. आणि जनरल बॉडीत ठराव करताना यंत्राच्या किमतीसोबत वर चढून ते कोण साफ करणार त्याचं नाव पण लिहून घ्या, सेक्रेटरी सोडून.