जुनी पिकअप घेण्याआधी गाडीचे कोणते भाग समजून घ्यावेत?

शहाद्याच्या एका भाऊंनी विचारलं आहे: "धडगावहून आमचूर आणि इकडून मिरची नंदुरबारला न्यायची आहे, त्यासाठी जुनी पिकअप बघतोय. चांदसैली घाट उतरावा लागेल. मेकॅनिक बोलतो त्यातलं निम्मं कळत नाही. गाडीचे मुख्य भाग कोणते आणि गाड्यांचे प्रकार कसे ओळखायचे?"

भाऊ, माझं गॅरेज शिरपूरला, आग्रा रोडला लागून. बावीस वर्षं झाली. बिजासन घाट उतरून आलेल्या गाड्या आमच्याकडे थांबतात तेव्हा चाकांतून जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीचा, वास येत असतो. त्यामुळे बाकीचे इंजिनापासून सांगतात ते मी ब्रेकपासून सांगतो. तुम्हाला घाट उतरायचा आहे, म्हणून तर नक्कीच.

पिकअपचं ब्रेक पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे जोर पोचवतं. पुढच्या चाकांना बहुधा डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. मागे ड्रम असतो, त्यात लायनर लावलेले शू आतून फाकून ड्रमला घासतात. गाडीचा वेग असा घासून घासून उष्णतेत जातो. लांब उतारावर पाय पेडलवरच ठेवला तर ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. लायनर तापून गुळगुळीत होतात, पकड जाते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं जुनं ऑइल १४० अंशांच्या आसपासच उकळू लागतं. उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. एका ड्रायव्हरने माझ्या दारात गाडी कशीबशी उभी केली आणि थरथरत सांगितलं, "भाऊ, पेडल तळपर्यंत जास पन गाडी थांबस नही." त्याच्या ऑइलचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. दोनेकशे रुपयांचं ऑइल वेळेवर बदललं असतं, तर ती वेळ त्याच्यावर आली नसती. दर दोन वर्षांनी बदलाच.

मोठ्या ट्रकांत ऑइलऐवजी दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेक असतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पण लायनर तापण्याचा धोका तिथेही तोच. ४ जुलै २०२३ ला आमच्याच पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. त्या दिवसापासून या विषयावर मी कुणालाही घाईत उत्तर देत नाही.

आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका. पेडल हलकं लागतं ते व्हॅक्यूम बूस्टरमुळे, आणि तो व्हॅक्यूम करणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत तो संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि तेच गाडीला मागे धरून ठेवतं.

ते कसं धरतं हे कळलं की गाडीचे निम्मे भाग कळले. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचं गोल फिरणं करतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा एवढी दाबली जाते की ती तापते, मग इंजेक्टर त्यात डिझेल फवारतो आणि ते आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात मात्र ठिणगी लागते. पुढे क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी-सोडणारी प्लेट. गिअरबॉक्स वेग घटवून ताकद वाढवतो. तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शिअलकडे जातो. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, म्हणून ती सहज वळते. मोटारीत दोन्ही चाकांना इंजिनाची ताकदही द्यायची असते आणि वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, तेही सांभाळायचं असतं. हे काम डिफरन्शिअल करतं. चालताना मागून गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर तिथली दातेरी चाकं झिजलेली असू शकतात, आणि हा खर्च मोठा असतो.

क्लच तपासायला सपाट, मोकळी जागा बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यामुळे रेडिएटर, वॉटर पंप आणि पंखा नीट बघा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर आत गंज धरलेला असतो, कूलंटच हवं. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत शिरतंय, बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर लावल्यावर दाट काळा धूर आला तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरकडे बघा.

आता खाली वाका. चेसी म्हणजे गाडीचा कणा, तिच्यावरच सगळं उभं असतं. तिला वेल्डिंगचे डाग असतील तर गाडीने जास्तीचा माल ओढलेला असू शकतो. मागच्या कमानपाट्यांत जादा पाटा घातलाय का, तेही मोजा. तुमचं आमचूर हलकं, पण पोती उंच रचली जातात. उंच माल वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला कलवतो, म्हणून शॉकअप (गाडीचे हेलकावे आवरणारे दांडे) आणि टायर चांगले हवेत.

प्रकारांत फार गुंतू नका. चाकांवरून, इंधनावरून, वापरावरून कशावरूनही वर्ग करता येतात. दुचाकी, ॲपेसारखी तीनचाकी, मोटार, बस, सहाचाकी-दहाचाकी ट्रक, ट्रॅक्टर हे तर रोज दिसतात. तुमच्या कामाचं वर्गीकरण वजनाचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालगाडी हलकी, १२,००० किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढची जड. पिकअप भरून साधारण तीन टनांच्या आसपास जाते, म्हणून ती हलकीच. एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक तेवढाच तुमचा माल, आणि त्यात आत बसणारी माणसंही धरायची.

मालवाहू पिकअपला पिवळी पाटी लागेल. पांढरी पाटी खासगी गाडीची. पिवळ्या पाटीला फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, लागतो: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दर वर्षी. हिरवी पाटी विजेवरच्या गाड्यांची. त्यांत क्लच नसतो आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी थोडी भरतेही, पण धडगावच्या वाटेवर चार्जिंगची खात्री झाल्याशिवाय मी तुम्हाला तिकडे ढकलणार नाही.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन पूर्ण गार असताना. बॉनेटवर हात ठेवून बघा, मगच सेल्फ मारायला सांगा. झिजलेलं इंजिन गार असतानाच उघडं पडतं, गरम झाल्यावर तेही बरं चालतं. चेसी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि मालक म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवलीय," तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत जा.