हेडलाइट लावली की टेंपरेचर वर जातं? रिमोटला हात लावायच्या आधी हे वाचा

दादा, तुम्ही लिहिलंय की जीपला रिमोटवाले डिजिटल मीटर बसवले आणि रात्री हेडलाइट लावली की टेंपरेचर दहाबारा डिग्रीने वर जातं, डिझेल कमी दिसतं, तर रिमोटमध्ये कुठली सेटिंग बदलू. काहीही बदलू नका. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपला अगदी हेच झालं होतं.

मीटर सेंडरचा (इंजिनात किंवा टाकीत बसवलेल्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मोजतो हे तुम्हाला माहीत असेलच; टेंपरेचरचा सेंडर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. सेंडरचं अर्थिंग इंजिन ब्लॉकमधून होतं आणि मीटरची काळी वायर आपण बसवतो डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्याला, तिथेच लाइटचंही अर्थिंग. लाइटचा करंट त्या खराब जोडातून गेला की मीटरचं अर्थिंग वर उचललं जातं, त्याला सेंडरचा रेझिस्टन्स कमी वाटतो, म्हणून टेंपरेचर जास्त आणि डिझेल कमी (डिझेल टाकीत १० ते १८० ओहमवाला फ्लोट असेल तर, म्हणजे रिकाम्या टाकीला १०, भरलेल्या टाकीला १८०).

मी काय केलं, जिथून मीटर घेतले त्यांना फोन केला, तीन वेळा केला, तिन्ही वेळा एकच उत्तर, 'सर, रिमोटवरून अ‍ॅडजस्ट करा'. वायरिंगबद्दल एक शब्द विचारला नाही. मी रात्री लाइट चालू ठेवून ऑफसेट (मीटर आकड्यात जी बेरीज-वजाबाकी करतो तो) मायनस १२ केला, आकडा बरोबर दिसायला लागला, मी खूश. पण दिवसा लाइट बंद असताना मीटर १२ डिग्री कमी दाखवतोय हे डोक्यातच आलं नाही. मे महिन्यात आंबोली घाट चढताना रेडिएटरचा खालचा होज (पाण्याचा पाइप) पाझरत होता, मीटरवर १०२, अलार्म १०५ ला लावलेला, तो वाजलाच नाही. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा थांबलो. हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) करावं लागलं, आणि दुरुस्तीचे पैसे माझ्या खिशातून.

तर आधी मल्टिमीटर घ्या, लाइट चालू ठेवून एक टोक मीटरच्या काळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर दोष अर्थिंगचा. मीटरची काळी वायर वेगळी ओढून थेट बॅटरीच्या मायनसला न्या, आणि ब्लॉक ते बॅटरी जाड पट्टी पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काढा, तिने अर्थिंग तुटतं आणि मग आकडा उलट कमी दिसतो, ते जास्त घातक.

हे झाल्यावरच रिमोटने आकडा जुळवा. टेंपरेचरचा सेंडर काढून उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या बॉडीला वायर लावून बॅटरीच्या मायनसला जोडा, आणि मीटरचा आकडा पाण्याच्या टेंपरेचरशी ताडून बघा. पुण्यात पाणी साधारण ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला ९५ च्या आसपास, म्हणून आंधळेपणाने १०० धरू नका. स्पीडचा आकडा जीपीएसवर ६० ला स्थिर चालवून ताडून बघा, टायर बदलले की परत. रिमोटचा सेल काढून ठेवा, माझ्या पोराने एकदा सगळं रीसेट केलं होतं.

मी इलेक्ट्रिशियन नाही, तुमच्या मीटरचं मॅन्युअल वेगळं असू शकतं. काळी वायर नक्की कुठे जोडलीय त्याचा फोटो टाका, बघतो.