रिपोर्टमधली अरुंद शीर आणि न तपासलेला डोळा

प्रश्न: दोन वर्षं जवळजवळ रोज डोकं दुखतंय. एमआर व्हेनोग्राममध्ये (मेंदूच्या शिरा दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीत) 'डावी ट्रान्सव्हर्स सायनस अरुंद' असं आलंय. दुखण्याचं कारण हेच का? स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालावा लागेल का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ट्रान्सव्हर्स सायनस म्हणजे मेंदूतलं रक्त मानेकडे नेणाऱ्या दोन मोठ्या शिरा; त्या कवटीच्या मागच्या भागात आडव्या असतात. बहुतेकांची उजवी शीर मोठी असते आणि डावी जन्मतःच बारीक. उजवी मोकळी असेल तर नुसत्या बारीक डावीला मी आजार म्हणणार नाही. दोन्ही बाजू अरुंद असतील, किंवा जी मोठी तीच आवळलेली असेल, तर मात्र मेंदूवरचा दाब वाढलाय का, हे बघायला हवं.

त्यासाठी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा बघतात. दाब वाढला की दृष्टीच्या नसेचं तोंड सुजतं. ही सूज नसेल तर दाबाचं निदान फार जपून करावं लागतं. महागड्या फिल्मा घेऊन येणाऱ्या कित्येकांची ही साधी तपासणीच राहून गेलेली असते, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

प्रश्न: वाकलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. रात्री कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. याचा डोकेदुखीशी संबंध आहे?

असू शकतो, आणि म्हणूनच थांबू नका. प्रौढ माणसाच्या मेंदूभोवती आणि मणक्यात मिळून साधारण 150 मिलिलिटर पाणी असतं. दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शिरांमध्ये शोषलं जातं. हा निचरा अडला की दाब वाढतो, कारण कवटीला फुगायला जागा नाही.

वजन अलीकडे वाढलंय का? मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का? 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस, अचानक बंद केलेलं स्टेरॉइड, हेही डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर शिरेत गुठळी नाही ना, हे लगेच बघावं लागतं. एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: दाबामुळे शीर अरुंद झाली की शीर अरुंद असल्यामुळे दाब वाढला? दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली.

दोघंही खरं बोलले असतील. वाढलेला दाब शिरेला बाहेरून चेपतो. चेपलेल्या शिरेत रक्त तुंबतं, पाण्याचा निचरा मंदावतो आणि दाब आणखी चढतो. पाठीतून हे पाणी काढल्यावर काहींची शीर पुन्हा उघडलेली दिसते. तिथे अरुंदपणा हा परिणाम होता.

स्टेंट त्या चक्रातली एक कडी तोडतो. मेंदूवरचा दाब वाढण्याच्या या आजारासाठी तो 2002 पासून वापरात आहे. पण नजर धोक्यात असेल किंवा औषधं पुरत नसतील तेव्हाच त्याचा विचार होतो. त्याआधी बारीक नळी शिरेत नेऊन अरुंद जागेच्या दोन बाजूंचा दाब मोजतात. फरक साधारण 8 मिलिमीटर पारा किंवा जास्त असेल तर फायद्याची आशा धरता येते. नंतर काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. नुसतं दुखणं थांबावं म्हणून स्टेंट घालायला माझा तरी विरोध आहे.

प्रश्न: पाठीतून पाणी काढून कायमचं बरं वाटेल का?

नाही. काढलेलं 25 मिलिलिटर पाणी तास-सव्वा तासात पुन्हा भरून निघतं. ती तपासणी मुख्यतः दाब मोजण्यासाठी असते.

प्रश्न: पाठीतून मोजलेला माझा दाब 27 सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत) होता. ॲसिटाझोलामाइडनं (हे पाणी कमी तयार व्हावं म्हणून देतात त्या औषधानं) डोळ्यांच्या नसेची सूज उतरली, पण बोटांना मुंग्या येतात आणि डोकं दुखायचं थांबत नाही. रोज वेदनाशामक गोळी घेते.

प्रौढांत 25 आणि त्यापुढचा दाब वाढलेला धरतात. मुंग्या येणं या औषधात नेहमीचंच, घाबरून बंद करू नका. मूतखडा होऊन गेला असेल तर मात्र सांगा.

आता दुखतंय ते बहुधा दाबामुळे नाही. या आजारात अर्धशिशीसारखं दुखणं मागे उरतं, त्यावर वेगळे उपचार असतात. शिवाय साधी वेदनाशामकं महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली की गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. त्या कशा सोडायच्या हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाच या आजारावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. आणि सूज गेली म्हणून दृष्टिक्षेत्राची (नजर कडेपर्यंत किती पोचते याची) पुढची तपासणी चुकवू नका.