जुन्या पीसीवर अभंग रेकॉर्ड करायचेत

प्रश्न: माझ्याकडे २००९ सालचा डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. एक साधा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) आणि माइक घेतलाय. आमच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करतोय. पेटी-तबला झाला, पण त्यावर गायला बसलं की हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो, लय पार सुटते. बफर कमी केला तर नुसती कडकड. मुलगा म्हणतो बाबा भंगारात द्या तो डबा. काय करू? (एक वाचक, मिरज)

उत्तर: देऊ नका हो भंगारात! रेकॉर्डिंग हे कॉम्प्युटरसाठी फार जड काम नाहीच मुळी. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक म्हणजे सेकंदाला १४४ किलोबाइट, मिनिटाला साडेआठ एमबीच्या जरा वर, एवढं तर तुमची जुनी हार्डडिस्क झोपेतही लिहील. दमछाक होते ती नंतर, प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आणि काय काय चढवायला लागलो की.

तुमचा घोळ बफरचा आहे. बफर म्हणजे बादली समजा, भरल्याशिवाय पुढे जात नाही. १०२४ सॅम्पलची, म्हणजे आवाजाच्या बारीक नमुन्यांची, बादली भरायला ४८ किलोहर्ट्झला साधारण २१ मिलिसेकंद लागतात, आवाज आत येताना एक बादली आणि बाहेर जाताना एक, म्हणजे झाले ४० च्या वर, शिवाय ड्रायव्हरचा वेळ वेगळाच. हवेत आवाज तेवढ्या वेळात चौदा-पंधरा मीटर जातो, म्हणजे तुम्ही गाभाऱ्यापाशी गाताय आणि तुमचाच आवाज सभामंडपाच्या पार दुसऱ्या टोकावरून येतोय, लय सुटणारच ना. बादली १२८ ची केली तर पावणेतीन मिलिसेकंदात भरते खरी, पण जुन्या प्रोसेसरची तेवढ्या वेळात उपसायची तारांबळ उडते, ती तुमची कडकड.

मग करायचं काय, तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून ऐकायचाच नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण किंवा मिक्सचा नॉब असतो, तो चालू केला की माइकचा आवाज थेट हेडफोनला येतो, कॉम्प्युटरकडे न जाता. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे गाताना ऐकवणं, मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल आणि परत मलाच पत्र लिहाल. आता बफर बिनधास्त १०२४ वर ठेवा. रेकॉर्ड झालेला ट्रॅक सॉफ्टवेअर आपणहून मागे सरकवून जागेवर बसवतं, फक्त एकदा खात्री करा: मेट्रोनोमची टिकटिक आउटपुटमधून केबलने इनपुटला द्या, रेकॉर्ड करा, आणि मूळ आणि रेकॉर्ड झालेले ठोके झूम करून एकाखाली एक येतात का बघा. नाही आले तर जेवढा फरक दिसतो तेवढा आकडा सेटिंगमध्ये टाकायचा. ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्राम, असिओ (ASIO) प्रकारचाच निवडा, त्यात उशीर कमी होतो; कंपनीचा विंडोज ७ साठी मिळत नसेल तर असिओफोरऑल फुकट आहे. सॉफ्टवेअर नसेल तर रीपर बघा, विंडोज ७ वर चालतं आणि ६० दिवस वापरून मग पैसे द्यायचे असतात.

विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, त्यामुळे या मशीनवर बँकेची कामं अजिबात नकोत, नेटची वायर काढून ठेवा आणि फाइली पेनड्राइव्हने न्या.

आणि पंखा! माझ्या जुन्या पीसीचा पंखा इतका घोंगावायचा की तीन अभंग झाल्यावर शांत जागांमध्ये ऐकू आलं, गाणाऱ्याचा श्वास आणि मागे गिरणी. तिन्ही परत केले. आधी आतली धूळ काढा. माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा, असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा आणि मध्ये दोरीवर एक जाड गोधडी टांगा. कॅबिनेटवर गोधडी पांघरू नका मात्र, तापून बंद पडेल.

प्रश्न: जुना मॅक आणि फायरवायर (यूएसबीसारखीच पण जुनी जोडणी) इंटरफेस आहे, दोन्ही उत्तम चालतात. नवा मॅक घेऊन हाच इंटरफेस जोडता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नका त्या फंदात पडू. २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरच काढून टाकलंय, कितीही ॲडाप्टर लावा. जुना मॅक आहे तसाच ठेवा, अपडेट न करता, आणि मिक्सिंगसाठी फाइली नव्यावर न्या. फायरवायरची केबल दोन्हीकडचं बंद असतानाच लावा-काढा, चालू असताना पिन वाकडी बसली तर पोर्ट जळतो.

प्रश्न: आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट आहेत, १९८० च्या दशकातल्या. डेक लॅपटॉपला जोडला की हूंऽऽ असा आवाज येतो आणि कीर्तन फाटल्यासारखं वाटतं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, डेक लावायच्या आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजोबा पुसले जाणार नाहीत. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा हूं तिथेच थांबतो. फाटतंय कारण लॅपटॉपचं भोक माइकचं असतं, काही मिलिव्होल्टसाठी, आणि डेक त्याच्या कितीतरी पट जोरात देतो. लाइन-इन (डेकसारख्या जोरकस आवाजासाठीचं भोक) असलेला साधा यूएसबी इंटरफेस लागेल, लाल-पांढऱ्या केबलवाला.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काडीने पुसा, काडी तपकिरी होईल बघा. बेल्ट ढिला असेल तर नवा बेल्टच टाका, रबरबँड लावलात तर कीर्तनकार डुलतील. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट चालू ठेवून अगदी केसभर फिरवा, टाळ खणखणीत वाजायला लागले की थांबा. सूंसूं काढायची घाई नको, आधी जसंच्या तसं साठवून ठेवा, सफाई त्याच्या कॉपीवर.