पत्रं रद्दीत, मुलगी अडगळीत?

प्रश्न : मुलगी एम.ए. (इतिहास), ६१ टक्के. माझे वडील सोलापुरात गिरणीचे मॅनेजर होते. अभ्यास सोडून त्यांच्या ट्रंकांतले कागद लावत ती वर्षभर बसली आहे, 'अभिलेखपाल (जुनी कागदपत्रं जतन करणारी) होणार' म्हणते. स्पर्धा परीक्षेकडे लक्ष लागावं म्हणून मी कामाचे कागद ठेवले आणि घरगुती पत्रं परवा रद्दीत घातली. तिला काय सांगू?

उत्तर : आधी तिची माफी मागा. टक्क्यांचं नंतर बघू. मुलीचं वर्षभराचं काम तिला न विचारता तराजूत घालायचं आणि मग मार्गदर्शन मागायचं, हे मला पचलं नाही. 'अभ्यास सोडून बसलीय' असं तुम्ही लिहिता. मला तर तुमच्या घरात अभ्यास करणारी तीच एकटी दिसते.

राज्यसेवेचा अर्ज तिला वाटलं तर ती भरेल.

आता 'कामाचे' आणि 'घरगुती'. अभिलेखागारात असे दोन ढीग करत नाहीत. तुमच्याच सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद घ्या. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, १९४० साली बंगळूरला त्यांचा विमान कारखाना उभा राहिला. त्यांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत, इतिहासाचे अभ्यासक ती वापरतात. पैसा किती बुडाला हे ताळेबंद सांगतो. तो कुणाच्या शब्दावर घातला होता, हे एखाद्या वेळी भावाला लिहिलेल्या पत्रातच सापडतं. म्हणून माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रमसुद्धा मोडायचा नसतो. संपाच्या फायलीत मुंजीच्या आमंत्रणांची यादी निघाली, तर ती तिथेच राहते. संपवाल्यांपैकी कुणाकुणाला बोलावणं होतं, हे दुसरीकडे कुठे कळणार?

जागा थोड्या आहेत, बऱ्याच कंत्राटी. झाकून ठेवत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचा दिल्लीत एक वर्षाचा डिप्लोमा आहे. टाटांचं अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचं मुंबईत. मोडी लिपी येत नसेल तर तिने लगेच शिकावी.

छापून यायची वाट नको म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच मेल केलं आहे. रद्दीवाल्याचा माल रोज पुढे जात नाही. आजच जा, आणि तिला बरोबर न्या. कुठलं पत्र कुठल्या ट्रंकेत, कशाखाली होतं, हे तिलाच आठवेल.