वाचक विचारतात: छोट्या पडद्यावरच्या ताई

प्रश्न : रत्नागिरीच्या स्थानिक केबल वाहिनीने मुलांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन विचारलंय. मुलं कॅमेऱ्यापुढे गप्प बसतात, त्याचं काय करावं?

उत्तर : गप्प बसतात ती बहुधा प्रश्नामुळे. ‘शाळा आवडते का?’ म्हटलं की ‘हो’ येतं आणि संपतं. ‘काल डब्यात काय होतं, कुणी पळवलं?’ असं विचारा. उत्तर यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढं थांबा, मधे बोलू नका. खुर्चीवर नको, सतरंजीवर बसा आणि कॅमेराही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायला सांगा. वरून घेतलेलं मूल बिचारं दिसतं. हातात भोपळ्याची बी किंवा शिंपले दिले की जीभ सुटते.

कॉलरमाईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणी-माळेपासून लांब. नाहीतर खसखस ऐकू येते. बारीक रेघांचे कपडे पडद्यावर लहरतात, ते टाळा. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बंदरावर नेला तर भिंग धुरकटतं. अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्यावा.

आणि कागदपत्रं! याकडे सर्रास काणाडोळा होतो. बालकामगार कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकारांसाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. मानधनाच्या किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जाते. होकार देण्याआधी निर्मात्याला हे विचाराच.